मॅक्रोची वही: पहाटे ३ चा नाद सोडला

माझ्या जुन्या फोटो-कॅटलॉगमधून रोज यादी काढून ठेवायची, एवढंच काम. पण त्या प्रोग्रॅमला कमांड लाइन (हुकूम टाइप करून काम करून घ्यायची सोय) नाही, त्यामुळे खिडकी उघडून पाच क्लिक केल्याशिवाय यादी हाती लागत नाही. ते पाच क्लिक मॅक्रो रेकॉर्डरने (क्लिक लक्षात ठेवून पुन्हा तसेच करणाऱ्या प्रोग्रॅमने) टिपून घेतले, दोनदा चालवून पाहिले आणि स्वतःवर भलताच खूश झालो. ही खुशी चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी लॅपटॉपला मॉनिटर जोडला. लॅपटॉपचं स्केलिंग १२५ टक्के, मॉनिटरचं १००. रेकॉर्डरला बटणाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याने नुसता पडद्यावरचा बिंदू लक्षात ठेवला होता. त्या बिंदूवर आता 'एक्स्पोर्ट'ऐवजी 'डिलीट' येऊन बसलं होतं. 'नक्की काढायचं का?' असं विचारणारी खिडकी मध्ये आली म्हणून कॅटलॉग वाचला.

मग रेकॉर्डिंग पुसलं आणि ऑटोहॉटकी या विंडोजवरच्या स्क्रिप्ट-भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत हाताने लिहायला घेतलं. तिच्यासोबतच्या विंडो स्पाय या साधनाने बटणाचं अंतर्गत नाव दिलं, ते 'कंट्रोलक्लिक' या आज्ञेला दिलं. बटण कुठेही सरको, क्लिक त्याच्यावरच पडतो आणि माउसचा बाण जागचा हलत नाही. (काही प्रोग्रॅम बटणं स्वतःच रंगवतात, तिथे विंडो स्पायला एक मोठा चौकोन सोडून काहीच दिसत नाही. माझा प्रोग्रॅम जुना असल्याचा इथे फायदा झाला.)

खरा वेळ गेला तो थांबण्यात. रेकॉर्डरने माझाच वेग पकडला होता: २००० मिलिसेकंद थांब, पुढे चल. दिवसातल्या पहिल्या वेळी प्रोग्रॅम उघडायला ९ सेकंद घेतो, तोवर मॅक्रो भलत्याच खिडकीत क्लिक करून मोकळा. आता प्रत्येक 'स्लीप'च्या (ठरावीक वेळ थांबण्याच्या आज्ञेच्या) जागी 'विनवेटॲक्टिव्ह' (खिडकी समोर येईपर्यंत थांबणारी आज्ञा) आहे, मुदत ३० सेकंद. खिडकी आली नाही तर लॉगमध्ये एक ओळ लिहून बाहेर. यादीची फाइलही नुसती दिसून भागत नाही. एका सेकंदाच्या अंतराने दोनदा आकार बघतो, सारखा आला तरच काम झालं असं धरतो.

एवढं करून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) पहाटे ३ ची वेळ लावली. सकाळी बघतो तर निकाल 'यशस्वी' आणि फाइल गायब! चूक दुहेरी होती. लॉगिन असो वा नसो चालव, हा पर्याय मी निवडला होता. त्यात स्क्रिप्ट वेगळ्या सेशनमध्ये चालते, तिला आपला डेस्कटॉप मिळतच नाही. शिवाय मुदत संपल्यावर ती शून्य कोडने (म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगून) बाहेर पडत होती, मग शेड्युलरला कळणार कसं? आता 'एक्झिटॲप १' करतो. लॉगिन असतानाच चालव, असं करून पाहिलं, पण पडदा लॉक असला की 'विनवेटॲक्टिव्ह' ३० सेकंद वाट बघून परत येतो.

शेवटी वेळेचा ट्रिगरच (काम कधी सुरू व्हायचं ती अट) काढला. शेड्युलरमध्ये संगणक अनलॉक झाल्यावर चालणारा ट्रिगर असतो, तो लावला. स्क्रिप्ट आधी आजची फाइल आहे का बघते, असेल तर गुपचूप निघून जाते.

नवी अडचण मीच. अनलॉक करून मी लगेच टाइप करायला लागतो आणि माझी अक्षरं फाइलच्या नावात घुसतात. काल एका यादीचं नाव निम्मं ईमेल होतं. नाव आता 'सेंड'ने टाइप न करता 'कंट्रोलसेटटेक्स्ट'ने थेट चौकटीत घालतोय. दोन दिवस झाले, नावं स्वच्छ आहेत. बॅटरीवर असताना मात्र काम सुरूच होत नाही, कारण 'वीज जोडलेली असेल तरच चालव' ही शेड्युलरची खूण मुळातच लावलेली असते. ती आज काढतो.