२ नोव्हेंबर, पोर्ट लुईस

आज मॉरिशसमध्ये सुट्टी होती. सकाळीच मी आप्रवासी घाटावर गेले, मजूर जिथे उतरायचे त्या बंदरावरच्या जागी. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून भारतातले ३६ मजूर उसाच्या मळ्यांत करारावर राबायला इथे आले, त्याचीच ही सुट्टी. १९२० पर्यंत हा आकडा जवळपास पाच लाखांवर गेला. त्यात आपल्या कोकणातलेही होते, रत्नागिरीकडचे.

बंदरावरच्या त्या काळ्या दगडी पायऱ्यांवर आज फुलं वाहिलेली होती. खाली वाकून एका पायरीवर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता, कडा झिजलेल्या. शेजारी एक आजी पदराने डोळे पुसत होत्या. मी काहीच विचारलं नाही, विचारवलंच नाही.

या देशाची १ फेब्रुवारीलाही सुट्टी असते, १८३५ च्या गुलामगिरीच्या अंताची. दोन तारखांमध्ये फक्त तीन महिने! उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, एकांची सुटका होण्याआधीच दुसऱ्यांना आणलं. दोन्ही दिवस पाळणाऱ्या या देशाबद्दल मला फार आदर वाटतो. आणि हो, गणेश चतुर्थीचीही सुट्टी इथे असते. त्या मजुरांनी बाप्पा सोडला नाही.

येताना थोडी फुलं मीही वाहिली.