यल्लम्माच्या पायरीवर लिंबू

पौर्णिमेला सौंदत्तीला जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो. यंदा माघी पौर्णिमेला मीच गेलो. आत्याचा तीन वर्षांपासूनचा नवस होता आणि तिला सुट्टीचा दिवस, पौर्णिमा आणि माझी गाडी असं तिन्ही एकदम हवं होतं. आदल्या दिवशी गोकाकचा धबधबा झाला. पाणी नव्हतं, तिथली करदंट नावाची डिंक-सुकामेव्याची मिठाई घेतली आणि परत आलो.

बेळगावहून बैलहोंगलमार्गे डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. रांगेबद्दल फार लिहीत नाही. माझ्या पुढच्याच्या डोक्यावर पालखीएवढी परडी होती आणि मागचा दर दोन मिनिटांनी माझ्या पाठीत नारळाची पिशवी रुतवून ‘उदं गं आई उदं’ करत होता. भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण कोपरं देवीनं दिलीत म्हणून ती सतत वापरायलाच हवीत असं नाही. दर्शन चार सेकंद झालं. आत्या मात्र तृप्त.

बाहेर आल्यावर ती दुकानांमागच्या बोळात एका रुंद पायरीवर टेकली. मी पायाशी बघितलं आणि खाली बसलोच. पायरीभर भंडारा सांडला होता. वरचा पायांनी पुसला गेला होता, पण दगडाच्या खाचांत तो तसाच राहिला होता, म्हणून पायरीवर पिवळ्या रेघा उठून दिसत होत्या. बोटभर अंतरावर एक रेघ, किंचित वळलेली, मधेच दुभंगणारी. ओहोटीनंतर किनाऱ्यावर वाळूला पडतात ना, तशाच.

“पाय घसरू नये म्हणून टाकी मारलीय,” आत्या म्हणाली.

टाकीच्या खुणा अशा वळत नाहीत. मी कॉलेजात तीन वर्षं भूगर्भशास्त्र शिकलो आणि नंतर पोट विमा विकून भरलं, तेव्हा अशा वेळी मला राहवत नाही. हा वाळूचा खडक. बेळगाव शहराच्या बाजूचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पूर्वेकडे आलं की त्याच्याही खालचं, फार जुनं जग उघडं पडतं, त्याला कलादगीचे थर म्हणतात. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं की गवत. नद्यांनी आणलेली वाळू उथळ पाण्यात पसरायची, लाटा तिच्यावर वळ्या उमटवायच्या, वरून नवी वाळू पडून त्या झाकल्या जायच्या. पुढं वरच्या थरांचं ओझं वाढलं, कणांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, तिथंच साठली आणि वाळू चिकटून दगड झाली. इथं ती इतकी घट्ट चिकटलीय की दगड फोडला तर भेग कणांना वळसा घालत नाही, कणांतूनच आरपार जाते.

आत्याला पटेना. मग मी गाडीची किल्ली पायरीच्या कडेला जोरात घासली. दगडाला काही झालं नाही, उलट किल्लीचंच लोखंड चंदेरी रेघ होऊन त्याला चिकटलं. गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते, आणि ही पायरी म्हणजे गारगोटीचीच वाळू. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चुनखडी नाही हेही दाखवावं, म्हणून परडीतलं लिंबू अर्धं केलं आणि पायरीवर पिळलं. चुनखडी असती तर बारीक बुडबुडे आले असते, इथं रस नुसताच ओघळला.

“काय करालास रे ते!” आत्या ओरडली. “यल्लम्माच्या दारात लिंबू पिळालास, लोक काय म्हणतील?”

लोक थांबले होतेच. एक बाई पोराला ओढून पलीकडून गेली. भंडाऱ्यात बसलेला टक्कल पडलेला माणूस, हातात कापलेलं लिंबू, समोर किल्ली. मी काय करतोय असं दिसत होतं ते मला तेव्हा कळलं. दुकानदार कानडीत काही बोलला, आत्यानं त्याला कानडीतच समजावलं. काय सांगितलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही, पण तो हसला आणि पाण्याचा तांब्या देऊन पायरी धुवायला लावली.

भंडारा वाहून गेला. ओल्या दगडावर वळ्या आता गुलाबी दिसत होत्या, तो लोहाचा रंग.

परतताना नविलतीर्थाला थांबलो. मलप्रभा इथं याच कठीण दगडाची रांग फोडून अरुंद खिंडीतून जाते. अशी जागा मिळाली की धरण बांधणारे खूश, आणि हुबळी-धारवाडच्या नळाला इथलंच पाणी. बदामीची लेणीही वाळूच्याच खडकात. तिथल्या तिसऱ्या लेण्यावर सन 578 चा शिलालेख आहे, हे मी सांगायला सुरुवात केली, पण आत्या धरणाकडं बघतच नव्हती. ती कठड्याशी वाकून दगड बघत होती.

“ही रेघ उजवीकडं वळालीय,” ती म्हणाली. “वारा कुठनं होता म्हणे त्या वेळी?”