बायपासनंतरचा डिस्चार्ज : बिलाआधी गोळ्या समजून घ्या

आमच्या ह्यांची बायपास कोल्हापुरातच झाली. ऑपरेशन, आयसीयू, वॉर्ड सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती डिस्चार्जच्या दिवशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

सकाळच्या राउंडला "आज घरी जा" म्हणाले आणि फाईल खाली गेली. बिलिंगवाले म्हणतात विम्याची मंजुरी नाही, विम्याच्या डेस्कवर म्हणतात समरी (डिस्चार्जचा कागद, उपचारांचा सारांश) आली नाही, वॉर्डात म्हणतात कधीच पाठवली. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे हॉस्पिटलची मागणी गेल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारलेली रक्कमही कंपनीनेच भरायची. म्हणून मागणी किती वाजता पाठवली, ते डेस्कवरून लिहूनच घ्या. काउंटरला दीर, भाचा कुणीही उभा राहू दे. पेशंटजवळच्या माणसाने खाली पळू नये.

खरी चीड वेगळीच. दिवसभर बिल चाललं आणि गोळ्या समजावल्या ड्युटी बदलताना, घाईघाईत. घरी सांभाळणार आम्ही! फाईल खाली जायच्या आधीच विचारा: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कोणत्या, किती महिने? लघवीची गोळी किती वाजता? बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्यांतल्या कुठल्या बंद? हा शेवटचा प्रश्न सोडूच नका. कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध तेच, असं होऊन डबल डोस जातो. स्ट्रिपवरचं मूळ औषधाचं नाव जुळवून बघा.

छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, जुळायला ६ ते १२ आठवडे लागतात. उठवताना दंड धरून ओढू नका, पाठीला हाताचा आधार द्या. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला लावा. भरलेली बादली उचलणं नाही, स्कूटर नाही. रंकाळ्याची फेरी नंतर. आधी घरातच ५-५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा.

घरी नेताना गाडीत मागे बसवा, पट्टा आणि छातीमध्ये टॉवेलची घडी.

रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करून वहीत लिहा. दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वाढलं तर पाणी साठत असेल, लगेच फोन करा. १००.४ वर ताप, जखमेतून पू, हाडात कटकट आवाज आला तरी तेच. पाव्हण्यांनी प्रेमानं आणलेला तांबडा रस्सा परत पाठवा, मीठ फार असतं.

आणि रात्री लागणारा वॉर्डचा नंबर समरीवर पेनानं लिहून घ्या. छापलेला बहुतेक रिसेप्शनचा असतो.