पालीची नवी शेपटी आणि आमचे सर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत काहीतरी लिही असा फोन आला आणि पहिले आठवले ते आमचे नववीचे सायन्सचे सर. सांगलीत पाऊस लागला की नदीकडची पोरं खेकडे धरायची, त्यातलाच एक सरांनी एकदा ट्रेमध्ये घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पाय बघा. एक पाय बाकीच्यांच्या निम्म्यानं, फिकट, पण सांधे सगळे जागच्या जागी. तुटलेला पाय परत आलाय, आता दर वेळी कात टाकली की थोडा थोडा वाढेल, असं सरांनी सांगितलं, आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही दिसेल त्या खेकड्याचे पाय मोजत होतो.

मग पाल. तिची शेपटी वाट्टेल तिथून तुटत नाही, मणक्यांमध्येच तुटायच्या जागा ठरलेल्या असतात. आणि नवी येते तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. वर्गाच्या भिंतीवरच्या पालीचा जोड सरांनी लांबूनच दाखवलेला, तिथून पुढं रंगच वेगळा! मेक्सिकोच्या अ‍ॅक्सोलोटलला (पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी) मात्र हाड, स्नायू, नसा सगळ्यासकट अख्खा पाय येतो. मग आपलं बोट का येत नाही? हा प्रश्न सरांनी तसाच सोडला, उत्तर लिहून दिलं नाही, आणि मला वाटतं तेच त्यांचं सगळ्यात मोठं शिकवणं.

गेल्या वर्षी मामेभावानं मामाला लिव्हर दिलं. मामी नुसती रडत होती, पोराचं अर्धं लिव्हर गेलं म्हणून. मी म्हटलं, "अगं मामी, कापलेला तुकडा परत फुटत नाही पण राहिलेला भाग वाढून काम भरून काढतो, थोडे महिने जाऊ देत." हे बोलताना मला सरच दिसत होते.

सर, तुम्ही हे वाचणार म्हणून एक सांगतो, भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या कापून त्यांना व्हिटॅमिन ए दिलं, तर शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले! 1992 ला 'नेचर'मध्ये छापून आलंय. तुम्हाला माहीत असेलही, पण मला कळलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

आणि शाळेला एक विनंती, लॅबमध्ये प्लॅनेरिया ठेवा, चपटा छोटा किडा असतो, दोन तुकडे केले तर डोक्याकडच्याला शेपूट आणि शेपटीकडच्याला डोकं येतं, आठ-दहा दिवसांत पोरांना डोळ्यांनी दिसतं. काचेची टाकी आणि भिंगं मी देतो.