चेस्टर: माडीवरचा बाजार

इंग्लंडातल्या चेस्टरला उतरले तेव्हा पाऊस होता. ईस्टगेट स्ट्रीटवर छत्री मिटली आणि मग दुपारपर्यंत उघडावीच लागली नाही. इथला बाजार दुमजली आहे. खालची दुकानं रस्त्यालगत, काही तर पायऱ्या उतरून तळघरात. त्यांच्या माथ्यावर पहिल्या मजल्याची दुकानं, आणि त्यांच्यासमोरून पडवीसारखी सलग वाट. वरचा मजला खांबांवर पुढे आलेला, त्यामुळे डोक्यावर छप्पर आयतंच. वाट आणि कठडा यांच्यामध्ये एक उतरता ओटा, पूर्वी त्यावर माल मांडायचे. या वाटांना इथे ‘रोज’ (Rows) म्हणतात. म्हणजे नुसत्या रांगा! तेराव्या शतकापासूनची ही रचना.

मी काळ्या लाकडांच्या नक्षीदार पांढऱ्या भिंतींचे फोटो काढत सुटले होते. चौकातली कोपऱ्यावरची इमारत तर इतकी देखणी, की ट्यूडर काळातलीच, म्हणजे सोळाव्या शतकातली वाटावी. माहिती वाचली तर ती १८८८ची, वास्तुकार टी. एम. लॉकवुड यांची. वॉटरगेट स्ट्रीटवरच्या ‘गॉड्स प्रॉव्हिडन्स हाउस’वर १६५२ साल कोरलंय, पण तेही १८६२मध्ये पुन्हा बांधलेलं. जरा फसल्यासारखं झालं, खरं सांगते.

मग ब्रिज स्ट्रीटवरच्या सेंट मायकेल्स रो या दुकानांच्या इमारतीची गोष्ट कळली आणि हसूच आलं. १९१०मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने ती पांढऱ्या चकचकीत टाइल्सनी मढवून उभी केली. गावाने एवढा गहजब केला, की पुढच्याच वर्षी रोच्या वरचा दर्शनी भाग उतरवून तिथे काळं-पांढरं लाकूडकाम बसवलं. नवं नको, जुन्यासारखं दिसणारं नवं चालेल! आतल्या गल्लीत मात्र त्या टाइल्स आहेत. मला त्या आवडल्या.

खरं जुनं दगडात सापडलं. वॉटरगेट स्ट्रीटच्या ११ क्रमांकाखालचं मध्ययुगीन तळघर बघा: मधोमध दगडी खांब, त्यांवर पेललेलं कमानींचं छत. आणि ब्रिज स्ट्रीटवरच्या तीन साध्या कमानी, ‘थ्री ओल्ड आर्चेस’. इंग्लंडात टिकून राहिलेल्या दुकानांच्या दर्शनी भागांपैकी हा सर्वांत जुना मानतात. नक्षी नाही, रंग नाही. मी त्यांच्यासमोरून सकाळी दोनदा गेले होते, एकही फोटो न काढता.