चिंचेला फेब्रुवारी कळत नाही

चिंचेचं बोन्साय करायचं ठरवलं तेव्हा माय म्हणाली, "घरात चिंच? अन् तीबी कुंडीत? कशाला छळायलास त्या झाडाला?" चिंचेवर भूत असतं हे तिचं एक म्हणणं आणि छळ हे दुसरं. भुताचं मी हसण्यावारी नेलं. छळाचं पुढं खरं ठरलं.

२०१४च्या पावसाळ्यात लातूरला गच्चीवर रात्रभर भिजवलेले चिंचोके लावले. आठ-दहा दिवसांत उगवले, त्यातलं एक रोप ठेवलं. चिंचच का? तिची पानं मुळात बारीक. पिंपळ कुंडीत कितीही ठेंगणा ठेवा, पान अंगापेक्षा मोठं दिसतं. चिंच दीड फुटाची असली तरी लांबून थोराड वाटते.

कुंडीत शेतातली काळी माती भरली, ती पहिली चूक. पावसात ती चिखल धरून बसते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भेगेसोबत बारीक मुळं तुटतात. शेतात झाड सोटमूळ खाली धाडून निभावतं. उथळ कुंडीत ते कुठं जाणार?

दुसरी चूक महाग पडली. वसंताच्या तोंडावर मुळं छाटावीत, असं वाचलं होतं. ते थंड मुलखाचं गणित, हे डोक्यातच आलं नाही. फेब्रुवारी २०१६ला सोटमुळासकट निम्मी मुळं उडवली. पुढचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घरात घागरी मोजून वापरत होतो, गच्चीवर तांब्या नेताना चोरी केल्यागत वाटायचं. तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं झाडाला. पानं गळाली, शेंडा वाळला. रोज नखानं साल खरवडून बघायचो: वर तपकिरी, बुडाशी हिरवी.

पाऊस लागल्यावर बुडापासून तीन इंचांवर एक फुटवा आला. त्याच्या जरा वर, तिरका काप देऊन वाळलेलं खोड काढलं. जखमेला बुरशी लागू नये म्हणून मामाच्या मोसंबीच्या बागेतली बोर्डो पेस्ट लावली; एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असं तिथलं प्रमाण, मला वाटीभर पुरली. फुटवाच नवा शेंडा झाला. बुडाशी जाड आणि वर निमुळतं खोड मिळवायला लोक मुद्दाम असं कापतात. माझ्याकडून ते दुष्काळानं करून घेतलं.

तेव्हापासून मुळांना हात लावायचा तो दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच. माती म्हणाल तर चाळलेला मुरूम निम्मा, उरलेल्यात विटांचे बारीक तुकडे आणि कुजलेलं शेणखत. मुरमाची धूळ आधी चाळून टाकायची, नाहीतर तीच खाली बसून पाणी अडवते.

फांद्यांची छाटणी मात्र हाताला लागायला वर्षं गेली. कोवळ्या फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून वरचं खुडायचं. शेवटचं ठेवलेलं पान ज्या बाजूला, नवी फांदी साधारण त्याच बाजूला जाते, कारण नव्या फुटीचा डोळा पानाच्या बेचक्यात असतो. म्हणून बाहेरच्या बाजूचं पान राखायचं. आतलं राखलं की फांद्या एकमेकींत घुसतात. हे मला कुणी सांगितलं नाही. चार वेळा घुसल्या तेव्हा कळलं.

वळण द्यायला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. चिंचेची फांदी हिरवी असेतो वळते, जून झाली की कट्‌कन मोडते. श्रावणात फांद्या झपाट्यानं जाड होतात. गावाला गेलो आणि तार सालीत रुतली. तो चट्टा अजून आहे. हल्ली तारेपेक्षा सुतळी बरी वाटते: फांदी खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधून टाकायची.

यंदा डावीकडची खालची फांदी बारीक राहिली. तिला जाड करायची तर कात्री लावायची नाही, शेंडा मोकाट वाढू द्यायचा. बाकी झाड नीटनेटकं आणि ही एकटी हातभर लांब. परवा माय तुळशीला पाणी घालताना थांबून म्हणाली, "ही कापायची इसरलास का रं?"

"इसरलो नाही माय, जाड होऊ द्यायलोय."

"बरं," म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिच्या बुडाशी ओतून गेली.