बारीक तार

गुरुवार, दुपारचे दोन, लाईट नाही. म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. पुण्यात गुरुवार हा विजेवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस, त्या दिवशी लाईट गेली तर कोणी तक्रारीचा फोन करत नाही. बुधवारी गेली तर करतात. पंखा थांबल्यावर घरात बसवेना, म्हणून खाली उतरलो. फाटकाशी नवा खड्डा. (खड्डा कोणी खणला हे आपण विचारायचं सोडून दिलंय. पाणी, गॅस, इंटरनेट, पाळीपाळीनं सगळे येऊन जातात.) या खेपेला विजेवाले होते. केबलचा जॉइंट चालला होता आणि करवतीनं कापलेला वीतभर तुकडा मातीच्या ढिगावर पडला होता. उचलून पाहिला. मनगटाहून जाड, पण आत अ‍ॅल्युमिनियमचे अंगठ्याएवढे तीनच गोल. बाकी सगळी वेष्टनं: काळा थर, पांढरट प्लास्टिक, तांब्याची पट्टी, पोलादाच्या पट्ट्या, वर लाल आवरण.

"अकरा हजार व्होल्टची आहे, काका," वायरमन म्हणाला. "आत्ता धरा हातात. एरवी नको."

जाडी धातूची नव्हे, बंदोबस्ताची. हे मला मामानं फार पूर्वी सांगितलं होतं, लोणावळा लोकलमध्ये.

मामा रेल्वेत ओव्हरहेडच्या, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांच्या, कामावर होता. त्याच्याबरोबर जायचं म्हणजे खिडकी आपली. खडकी गेलं की मी मान वर करून तारा बघत बसायचो. दोन खांबांच्या मध्ये तार खाली झुकते, खांब आला की वर चढते, परत खाली. तळेगावपर्यंत मान अवघडायची. आपली तार चांगली जाडजूड, म्हणजे तिच्यात जबरदस्त करंट, असा माझा अभिमान. मामानं तो मोडला. म्हणाला, "अरे, ही दीड हजार व्होल्टची, १९२९ सालापासूनची. दुसरीकडे पंचवीस हजार असतात, आणि तार बघशील तर हिच्यापेक्षा बारीक."

मला पटेना. मग त्यानं शर्टाच्या खिशातून शंभराची नोट काढली. दहा हजार रुपये पोचवायचे आहेत. शंभराच्या नोटांत एक बंडल, खिशात मावतं. रुपयाच्या नोटांत शंभर बंडलं, पिशवी लागते. नोट म्हणजे व्होल्ट, नोटांची संख्या म्हणजे अँपिअर, आणि तार म्हणजे पिशवी. पाच हजार अश्वशक्तीच्या इंजिनाला दीड हजार व्होल्टवर साधारण अडीच हजार अँपिअर लागतात, पंचवीस हजारांवर दीडशे. "फक्त," नोट परत खिशात घालत तो म्हणाला, "मोठी नोट जपावी लागते." म्हणून ते चिनी मातीचे इन्सुलेटर. नोट मला दिली नाही.

आता पुण्याच्या मार्गावरही पंचवीस हजारच आहेत. तार बारीक झाली तेव्हा मामा नव्हता.

अर्थात मामाचा हिशेबही एका हद्दीपर्यंतच चालतो. लोणीकंदच्या बाजूला चारशे केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइनी दिसतात. तिथे एकेकटी बारीक तार ठेवली तर तिच्याभोवतीची हवाच दगा देते, वीज हवेत गळते. पावसाळी हवेत खाली उभं राहिलं तर चरचर ऐकू येते. म्हणून दोन तारा, हातभर अंतरावर, जोडीनं नेतात. त्या तारांची नावं कोणा हौशी इंग्रजानं ठेवली असावीत: ३३ केव्हीला डॉग, १३२ ला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. ससा आणि खारही आहेत, खेड्यांकडे जाणाऱ्या लाइनींना. मला हे पाठ आहे. उपयोग काहीही नाही, पण एक्सप्रेस-वेवर घरच्यांना ऐकवतो आणि ते गाण्याचा आवाज वाढवतात.

या हिशेबाची एक बाजू मात्र मामानं काढली नाही. व्होल्ट चढवता आले, तार परवडण्याइतकी बारीक झाली, म्हणूनच सह्याद्रीत पाणी अडवून वीज थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेणं जमलं. नाहीतर मुळशीचं खोरं मुंबईच्या काय कामाचं होतं? १९२१ साली तिथले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उतरले. धरण झालंच. १९२७ साली त्याच पाण्यावर भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आजीचं, म्हणजे मामाच्याच आईचं, माहेर त्या पाण्याखाली आहे. जमिनीचे पैसे मिळाले होते म्हणतात. किती, ते घरात कधी कोणी बोललं नाही.